पाहुणीची भाकरी

"ही गाठ घरी जायला राखली होती ना?" धाकू तांडेलांनी विचारलं.

गोमती हातातल्या दोरीकडे बघत राहिली. दोरीत वारा बांधलेला होता. एक गाठ सोडली की शीड भरायचं. आता एकच गाठ उरली होती. लांबवर, ओहोटीनं उघड्या पडलेल्या वाळूवर, समुद्रमाणसांचं एक पोर धापा टाकत होतं. त्याचे खवले उन्हानं पांढरे पडले होते.

होडीत चढली तेव्हा हीच गोमती म्हणाली होती, "मी पाहुणी आहे. वल्हं मारणार नाही." तांडेल नुसते हसले होते. होडीची रीतच तशी होती. पाहुण्याला काम सांगायचं नाही आणि पहिली भाकरी त्यालाच द्यायची. रोज ती खाताना, सोबत लोणचं नाही म्हणून गोमती तोंड वाकडं करायची.

तिनं गाठ सोडली.

वारा त्या पोरापर्यंतच पुरला. पोहण्याइतकी ताकद न उरलेल्या पोराला पाण्याच्या पिंपात बसवून होडी वळवली, तेव्हा शीड वाळत घातलेल्या लुगड्यासारखं लोंबत होतं. तांडेलांनी एक वल्हं उचललं. दुसरं गोमतीनं घेतलं. दिवस कलेपर्यंत तिच्या तळहातांवर फोड आले आणि फुटलेही. घरचा किनारा अजून दिसत नव्हता.

तांडेलांनी फडकं सोडून पहिली भाकरी काढली. सवयीनं गोमतीचा हात पुढे झाला. भाकरी पिंपातल्या पोराकडे गेली.

"आधी पाहुणा," तांडेल म्हणाले. "होडीची माणसं मागून जेवतात."

रुसायलाही तिच्यात त्राण नव्हतं. तिनं हात मागे घेतला आणि पुन्हा वल्ह्यावर ठेवला.