होडीमार्फत

पलंगावर पडलेला ओला टॉवेल. "मी नाही टाकला." "मग मी टाकला का?" दोन वेगवेगळ्या खोल्यांत प्यायलेला चहा. किनाऱ्यावर ओरडून शिकवणारा प्रशिक्षक: "उलटलात तर होडी सोडायची नाही आणि एकमेकांशी बोलत राहायचं. जो गप्प झाला, तो गारठला समजा!"

नवरा-बायकोची कयाक भर समुद्रात उलटली. दोघं उपड्या होडीच्या दोन बाजूंना लटकली. सकाळचा अबोला शाबूत होता.

"होडीबाई," बायको म्हणाली, "पलीकडच्यांना सांगा, घट्ट धरा. मी चढते."

"होडीबाई, आधी तुम्हाला सुलटं करायला हवं, एवढंही तिकडे कळत नाही का, विचारा."

दोघांनी मिळून होडी सुलटी केली. त्याने तिकडून धरली, ती इकडून चढली.

"होडीबाई, त्यांना म्हणावं, आता या वर."

उत्तर नाही.

"म्हणावं, नाटकं पुरेत."

तिने वाकून पाहिलं. त्याचे डोळे मिटलेले होते आणि ओठ निळे पडले होते.

"अहो! अहो, बोला ना माझ्याशी! काहीही बोला!" तिने त्याच्या जॅकेटचा पट्टा धरून जीव खाऊन त्याला वर ओढलं. तो तिच्या पायांवर आडवा पडला. त्याने एक डोळा उघडला.

"आधी कोण बोललं?" वाजणाऱ्या दातांतून त्याने विचारलं.

"थांबा, परत ढकलते तुम्हाला," ती म्हणाली, पण पट्टा तिने किनाऱ्यापर्यंत सोडला नाही.

टॉवेल तिनेच टाकला होता.