वीतभर कोपरा

"हा कोपरा आईच्या हातचा नाही," नणंद म्हणाली.

भावजय कपाटाचं दार लावत होती. तिचा हात दारावरच राहिला. "आईंनीच शिवलीय गोधडी, ताई. तुमच्यासाठी."

"गोधडीचं नाही, मी कोपऱ्याचं विचारतेय."

या नणंदेला फसवणं म्हणजे खायचं काम नव्हतं. दूरच्या शहरात तिचं कपडे दुरुस्तीचं दुकान होतं, आणि एखादी शिवण उसवून परत कुणी घातलीय हे ती चष्मा न लावता सांगायची. आई जाऊन महिना झाला होता आणि आज ती आपल्या वाटणीची एकच वस्तू न्यायला आली होती. तिने गोधडी पलंगावर पसरली, उजेडाकडे ओढली.

आई डावरी. तिचा धावदोरा डावीकडून उजवीकडे जायचा. गाठ तर ती जन्मात मारायची नाही. गाठ झोपणाऱ्याच्या अंगाला टोचते म्हणायची, आणि दोरा दोनदा मागे फिरवून थरांत दडवून टाकायची. सगळी गोधडी तशीच होती. बारीक, एकसारखे, डाव्या हाताचे टाके. फक्त हा वीतभर कोपरा उलट दिशेने शिवलेला. उजव्या हाताचा. टाके कुठे लांब, कुठे आखूड, आणि दर चार बोटांवर एक ढळढळीत गाठ.

भावजय उजव्या हाताची. आणि घरात दुसरं शिवणारं होतं कोण? भाऊ तर शर्टाचं बटण तुटलं तरी बायकोपुढे जाऊन उभा राहणारा.

"बाबांचा निळा शर्ट कुठाय?"

"त्यातच असेल ना, ताई."

"असेल? आईने फोनवर सांगितलं होतं मला, कोपऱ्यात बाबांचा शर्ट घातलाय म्हणून. तोच काढलास ना तू? कोपरा उसवायचा, शर्ट काढायचा, चिंधी कोंबायची आणि घाईघाईत टाके घालून मोकळं व्हायचं!"

"अहो, मी कशाला काढू?"

"नवऱ्यासाठी. त्याचेही वडीलच होते. सरळ मागितला असतास तर अर्धा कापून दिला असता मी."

दिला नसता. कापायला तर तिने कात्रीसुद्धा लावू दिली नसती. पण रागात माणूस उदार होतं, तशी ती झाली होती. तिने पर्समधून ब्लेड काढलं.

"ताई, नका." भावजयीने पुढे होऊन तिचं मनगट धरलं. "बाकीची कुठेही उसवा. पण तो कोपरा राहू द्या, तुमच्या पाया पडते."

"बघ, कशी घाबरलीस!" नणंदेने हात झटकला. आता तर तिची खात्रीच पटली.

ती कामाला लागली. उसवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. गाठी कापल्या, टाके सपासप उडवले. डोक्यावर पंखा गरगरत होता. दोऱ्याचे तुकडे तिच्या मांडीवर पडले, काही पलंगाखाली गेले. भावजय भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

निळा शर्ट आतच होता. घडी घालून ठेवलेला, खिशावर बाबांच्या गळक्या पेनाचा डाग. नणंदेने त्या डागावर हात ठेवला आणि तिला एकदम भरून आलं. लाजही वाटली. पण लगेच माघार घेईल तर ती नणंद कसली?

"मग उसवला कशाला होतास हा कोपरा?"

"मी नव्हता उसवला." भावजय आली आणि मोकळे झालेले थर हळूच सारखे करू लागली.

तिच्या हातांकडे नणंदेचं लक्ष गेलं. बोटांच्या टोकांना सुई टोचल्याचे काळे ठिपके होते, कातडी निबर झालेली. त्यात नवल नाही. एका हातात सुई असते, आणि टोचते ती कापडाखालच्या दुसऱ्या हाताला. उजव्या हाताने शिवणाऱ्या बाईची डावी बोटं जातात. हिची डावी बोटं स्वच्छ होती. गेलेली होती ती उजवी.

नणंदेने तिचा हात धरला. "हे काय गं?"

"आईंनी शपथ घातली होती."

"आई नाहीये आता. बोल."

"डावा हात लुळा पडला होता त्यांचा. गेल्या वर्षी. तुम्हाला कळवू दिलं नाही. लेक दुकान बंद करून इथे येऊन बसेल म्हणायच्या. मग उजव्या हाताने शिवायला बसल्या. दोरा दडवणं जमेना, म्हणून गाठी मारल्या. तो कोपरा करायला महिना लागला. पुढे सुईच धरवेना." भावजयीने डोळे पुसले. "म्हणाल्या, उरलेली तू शिव, पण डाव्या हाताने. ती लगेच ओळखते."

"उरलेली म्हणजे किती?"

"सगळी."

नणंद त्या बारीक, एकसारख्या टाक्यांकडे बघत राहिली. मग तिने खाली मांडीकडे पाहिलं.

"अगं, मग बोलायचं नाही का? ओरडायचं माझ्यावर!"

"नका म्हटलं होतं ना मी."

नणंद मांडीवरचे दोरे चिमटीने उचलून तळहातावर जमवू लागली. एक तुकडा, गाठीसकट, वाऱ्याने उडाला आणि फरशीवरून दाराकडे निघाला. ती गुडघ्यांवर खाली बसली आणि दोन्ही हात पसरून त्याच्यामागे सरपटली.

"पंखा!" ती ओरडली. "अगं, आधी तो पंखा बंद कर!"