वीस लाख पावलं

यंत्राला बसवलेलं कृत्रिम पाऊल तेवीस दिवस, रात्रंदिवस, एकाच जागी आपटत होतं. वीस लाख पावलं टिकलं, तर पास. आकडा एकोणीस लाख नव्याण्णव हजारांच्या पुढे गेला, तशी तपासणीच्या खोलीतली कुजबुज थांबली.

निवृत्त नर्स खुर्चीत ताठ बसली होती. तिला सगळे सिस्टर म्हणत. नोकरी संपल्यावर मिळालेला पैसा तिने या पावलात घातला होता. व्याज हराम, म्हणून बँकेतल्या ठेवीच्या वाटेला ती गेलीच नाही. पाऊल घडवणाऱ्या कारागिराशी केलेला करार चार ओळींचा होता: नफा निम्मा-निम्मा, तोटा आला तर तिचे पैसे बुडाले, त्याची मेहनत बुडाली. पहिलं पाऊल चार लाखांवर मोडलं. दुसरं अकरा लाखांवर.

कारागीर भिंतीला टेकून उभा होता. त्याचा स्वतःचा डावा पाय गुडघ्याखाली नव्हता. तिथे नळीच्या टोकाला जुनं, जड लाकडी पाऊल होतं.

अचानक यंत्रातून कर्र असा आवाज आला. कारागिराने डोळे मिटून घेतले.

दाराशी थांबलेला कृत्रिम पायांचा व्यापारी लगेच पुढे सरकला. "सिस्टर, अजून वेळ गेलेली नाही. तुमचा हिस्सा मला विका. घातलेले सगळे पैसे परत, या घडीला."

शेजारी उभा असलेला तिचा मुलगा तिच्या कानाशी वाकला. "अम्मी, ऐक ना. मोडलं तर हाती भोपळा येईल. आणि हे काही व्याज नाही, विक्री आहे."

"विक्रीच आहे. हलाल आहे," ती म्हणाली. "पण दुसरं पाऊल मोडलं, तेव्हा हा आपल्या उंबऱ्यावर बसून रडला होता. मीच म्हटलं त्याला, मी भागीदार आहे, सावकार नाही. आता एक कर्र ऐकून पळू?"

"सगळं गमावून बसाल," व्यापारी म्हणाला.

"गमावलं तर माझं. तुम्ही का घाम पुसताय?"

तपासनीस वाकून पाहून आला. "पट्टा कुरकुरतोय यंत्राचा," एवढंच म्हणाला. पाऊल आपटत राहिलं. उरली नऊशे. चारशे. दहा. मग यंत्र आपोआप थांबलं.

तपासनिसाने पाऊल सोडवलं, भिंगाखाली फिरवून फिरवून पाहिलं, दाबलं, वाकवलं. "कुठे तडा नाही." आणि सही केली.

मुलाने आईला खुर्चीसकट मिठी मारली.

"सिस्टर, दुप्पट देतो!" व्यापारी म्हणाला.

"हिस्सा विकायचा नाही. पाय विकायचे आहेत. किती नग लिहू?"

कारागिराने पिशवीतून त्याच साच्यातलं नवंकोरं पाऊल काढलं. पास झाल्याशिवाय घालणार नाही, असं त्याने स्वतःला बजावलं होतं. पान्याने लाकडी पाऊल सोडवलं, नवं बसवलं आणि तो बाहेर जिन्याकडे निघाला.

"धरू का?" मुलाने हात पुढे केला. कारागिराने नको म्हणून मान हलवली. कठड्याला हात न लावता तो खाली गेला. एक क्षण थांबला. मग वळला आणि दोन-दोन पायऱ्या चढत वर येऊ लागला.

"अरे, सावकाश!" वरून सिस्टर ओरडली. "निम्मा पाय माझा आहे!"