काठावरची हळद

घाटंजीत ड्रायक्लीनचं दुकान नव्हतं, अमरावतीला पाठवायचं तर पंधरवडा जाणार, आणि विधवा थोरली जाऊ संध्याकाळच्या एष्टीनं माहेरून परतणार होती. तिचा ठेवणीतला शालू वच्छलानं भावाच्या लग्नासाठी मागून नेला आणि पदरावर वरण सांडून आणला. रिठ्याच्या फेसात ती पदर हलक्या हातानं चोळत होती. तेलकटपणा गेला, पिवळेपणा हटेना. काठालाही दोन बोटांचा पिवळा डाग निघाला. हळदीला उन्हाचाच उतारा, म्हणून रेशीम सावलीत वाळवायचं सोडून तिनं पदर उन्हात पसरला आणि घटकेघटकेला पाहून येत राहिली. उन्हं कलताना दोन्ही डाग उडाले, तेव्हा तिच्या जिवात जीव आला. पोचताच जावेनं घडी उलगडून काठ उजेडात धरला. “इथं हयद होती, वच्छले.” “होती बाई. म्या काढली.” जाऊ काठ चाचपत राहिली. “मंगळसूत्र बांधताना त्यायची बोटं लागलती.”