तांबीचा धागा

"ताई, मोठ्यानं बोला, काही ऐकू येत नाही!" मोबाइलमधून डॉक्टरीणबाई ओरडल्या. गावात रेंज मिळते ती फक्त आमच्या गच्चीवर, तीही टाकीला टेकून उभं राहिलं तर. नेमक्या आजच सासूबाई दोन शेजारणींना घेऊन तिथं कुरडया घालत होत्या. बाळाच्या दातांबद्दल विचारते, असं सांगून मी वर आले होते. त्याच दातांनी परवा इअरफोनची वायर कुरतडली होती.

"तांबी!" शेवटी मी ओरडलेच. "तांबीचा धागा हाताला लागत नाहीये!"

सोऱ्या जागीच थांबला. दुसऱ्या नातवाची वाट बघणाऱ्या सासूबाईंना मी तांबी बसवल्याचं सांगितलंच नव्हतं.

"घाबरू नका, पण लगेच सोनोग्राफी करा. जवळ कुठं होते?"

"तालुक्याला. चाळीस किलोमीटर," मी म्हणाले, आणि फोन कट झाला.

सासूबाई हात पुसत जवळ आल्या. मी बोलणी खायच्या तयारीत.

"आत सरकली असेल," त्या हळूच म्हणाल्या. "माझीही सरकली होती. दवाखाना लांब, म्हणून आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिले. तेवढ्यात तुझा नवरा झाला."

मी खाली पाहिलं. नवरा अंगणात बाळाला खांद्यावर घेऊन नाचवत होता.

"त्याला कळू देऊ नकोस, रुसेल. उद्या पहिल्या एसटीनं निघू आपण."

"आमच्याही दोन जागा धरा," मागून शेजारणी म्हणाल्या.