चमच्यातला पांढरा डाग

तृप्तीने व्हॅनचा पुढचा डावा दिवा तिसऱ्यांदा उघडला आणि तिसऱ्यांदा आत पाणीच निघालं. काचेवर थेंब, तळाशी चमचाभर साचलेलं.

फेब्रुवारी महिना. द्राक्षांचा हंगाम, पावसाचा पत्ता नाही. तिचे वडील खंडेराव रोज सकाळी गावातल्या बायकांना पिंपळगावच्या पॅकहाउसवर सोडायचे. पंधरा दिवसांपासून मात्र संध्याकाळची फेरी बंद होती. दिव्यात पाणी, उजेड पडत नाही, रस्ता हायवेचा. ठेकेदाराने शनिवारपर्यंत मुदत दिली होती. नाहीतर व्हॅन दुसऱ्याची.

"खंडूभाऊ, तुमचा दिवा हाय का नवसाचं पोर?" भागीबाईंनी सकाळीच चिमटा काढला होता. "आम्ही टेम्पोत क्रेटांवर बसून येतो रोज."

तृप्ती नुकतीच केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झालेली. पहिल्यांदा तिने दिवा उन्हात वाळवला. दुसऱ्यांदा काचेचा जोड सिलिकॉनने बंद केला, बादलीत बुडवून पाहिला. एक बुडबुडा आला नाही. तरी पाणी.

"हवेतली वाफ असंल," खंडेराव ओट्यावरून म्हणाले. "तूच म्हणलीस ना, वाफ गार काचेवर बसती म्हणून."

म्हणाली होती खरी. पण चमचाभर वाफ?

तिने ते पाणी स्टीलच्या चमच्यात घेतलं आणि गॅसवर धरलं. पाणी आटलं. चमच्यात पांढरा डाग उरला. बोअरचं पाणी तापवून तापवून त्यांच्या पातेल्याला असाच थर चढला होता. वाफेचं पाणी मागे काही ठेवत नाही.

ती चमचा घेऊन बाहेर आली. "आप्पा, ही वाफ नाही. बोअरचं पाणी आहे. दिव्याच्या मागची रबरी टोपी काढून कुणीतरी ओततंय. हा डाग बघा."

खंडेरावांनी चमचा डोळ्यांजवळ नेला. मग लांब धरला. पुन्हा जवळ आणला.

"कुठंय डाग?"

टळटळीत ऊन होतं.

त्यांनी चमचा हळूच ओट्यावर ठेवला. "अंधार पडला की समोरच्या गाडीचा उजेड नुसता फुटतो गं. अन् मागं अकरा बायका बसलेल्या." त्यांनी व्हॅनकडे पाहिलं. "दिवा बिघडला म्हणलं की लोक मेकॅनिक सुचवतात. डोळे म्हणलं की दुसरा ड्रायव्हर."