लाल पट्ट्या

भगवंतशेठने खोकं टेबलावर असं आदळलं की मुकेशच्या कटिंगमधला अर्धा चहा बशीत आला. खोक्यात पूजेची पाकिटं होती. कापूर, वाती, कुंकू, धूप. बदलापूरच्या मार्टने सगळी परत पाठवली होती. काउंटरवरचं मशीन एकही बारकोड वाचत नव्हतं.

“तीनशे पाकिटं आहेत, मुकेशभाई. संध्याकाळपर्यंत नवी लेबलं लागली नाहीत तर मार्टमधली माझी फळी दुसऱ्याला देणार ते. पुन्हा शिवमंदिराबाहेर पथारी टाकून बसू का?”

मुकेशचं उत्तर तयारच होतं. “सेठ, इस लडकी की गलती है. यशोधरा, माफी माग सेठची. दो मिनिट का काम, विषय संपला.”

यशोधरा कॉम्प्युटरसमोर बसली होती. कॅम्प दोनमधल्या मुकेशच्या ह्या माळ्यावरच्या छापखान्यात ती चार वर्षं लेबलं बनवत होती आणि मुकेश चार वर्षं तिला ‘इस लडकी’ म्हणत होता. बारकोडचा फॉन्टही तिनेच शोधून टाकलेला. आकडा टाईप केला, फॉन्ट बदलला, की आकड्याच्या पट्ट्या होतात. मुकेशला ती जादू वाटायची. आणि जादूला अक्कल लागत नाही, हे त्याचं पक्कं मत होतं.

“माफी कशाची? पट्ट्या लाल करायला कोणी सांगितल्या?”

“मी सांगितल्या,” भगवंतशेठ म्हणाला. “देवाच्या मालावर काळं चालत नाही आमच्यात. तुमच्यात कुंकू नाही, तुला नाही कळायचं ते.”

छापायच्या आधीही तो हेच बोलला होता, आणि मुकेश खी खी करून हसला होता. लाल पट्टी मशीनला दिसत नाही, असं ती तेव्हा तीनदा म्हणाली होती. दोघांनी ऐकलं नाही. ऐकायची सवयच नव्हती, निदान तिचं तरी.

आता तिने टेबलावरचा स्कॅनर उचलला आणि पाकिटावर धरला. स्कॅनरचा लाल उजेड लाल पट्ट्यांवर पडला. काही नाही. मग कोण्या फरसाणवाल्याचं काळ्या पट्ट्यांचं लेबल समोर धरलं.

टीं.

“लाल उजेडात लाल पट्टी दिसत नाही. मशीनला तो कोरा कागद वाटतो.”

भगवंतशेठने पाकीट उलटंसुलटं करून पाहिलं, जणू बारकोड लाजून मागे बसलाय. मग घसा खाकरला.

“मग काळं करा.”

झालं. काळ्याचा सगळा विटाळ एका टींमध्ये फिटला.

“पण आधी हिने माफी मागायची,” तो मुकेशकडे वळून म्हणाला. “गिऱ्हाइकाला शिकवते म्हणजे काय?”

“माग ना,” मुकेश म्हणाला. “नाहीतर ऊठ. मी करतो. नंबर टाईप करायचा, फॉन्ट बदलायचा. इसमें क्या है?”

यशोधरा उठली. खुर्चीवरची ओढणी घेतली, डबा पिशवीत टाकला. मुकेश खुर्चीत बसला, पोट आत घेऊन टेबलाला टेकला आणि एका बोटाने नंबर टाईप करू लागला. फॉन्ट बदलला. काळ्याकुट्ट पट्ट्या आल्या. प्रिंट काढली. स्कॅनर धरला.

काही नाही.

नंबराच्या दोन्ही टोकांना एकेक स्टार टाकावा लागतो. त्याशिवाय कोड कुठे सुरू झाला नि कुठे संपला, हे मशीनला कळत नाही. एवढंच. यशोधराची बोटं ते न बघता करायची. मुकेश चार वर्षं तिच्या मागे उभा राहिला, पण कीबोर्डकडे त्याने कधी बघितलं नाही.

“जवळ धर ना जरा,” भगवंतशेठ म्हणाला. मग तिरका. मग लांब. मग त्याने दाराकडे मान वळवली. “ताई, जरा बघता का?”

यशोधरा चपलेचा पट्टा लावत होती.

“नाही,” ती म्हणाली आणि जिना उतरली.

वर प्रिंटर पुन्हा घरघरला. मुकेश तेच आता मोठ्या साईजमध्ये छापत होता.